गल्ल्याची किल्ली कुणाकडे? मिरज, सांगली आणि थोडं न्यूयॉर्क

हॉस्टेलवर नवीन बॅच आली की पहिल्या महिन्यात एक संवाद हमखास होतो. "तू कुठली?" "मिरजेची." "म्हणजे सांगलीचीच ना!" समोरची जळगावची किंवा नांदेडची असते, तिचा काही दोष नसतो. महापालिकेच्या प्रत्येक पाटीवर, टँकरवर आणि कचऱ्याच्या गाडीवर "सांगली मिरज आणि कुपवाड" असं एका दमात लिहिलेलं असतं. पण मिरजेच्या माणसाला हे वाक्य लागतं. जिल्ह्याचं नाव सांगली, कलेक्टर सांगलीत, महापालिकेचं मुख्य ऑफिस सांगलीत, आणि ज्या गावातून सांगली वेगळी निघाली ते गाव मात्र नावात दुसऱ्या नंबरवर! हे झालं कसं आणि गावाचा कारभार नक्की कोण ठरवतं, ते या लेखात सांगायचा प्रयत्न करते.

सुरुवात मात्र न्यूयॉर्कपासून करणार आहे. कारण सरळ आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेच्या लायब्ररीत अमेरिकेच्या इतिहासाची जाडजूड चित्रमय पुस्तकं होती, मिरजेच्या इतिहासाचं एकही नव्हतं. त्यामुळे "बर्गोमास्टर" म्हणजे काय हे मला "कमाविसदार" म्हणजे काय याच्या कितीतरी आधी कळलं. पुढे कॉलेजात आल्यावर मिरजेबद्दल वाचायला लागले आणि लक्षात आलं की दोन्हीकडे भांडण एकच आहे.

आज जिथे न्यूयॉर्क आहे तिथे सतराव्या शतकात डचांनी न्यू ॲमस्टरडॅम नावाचं गाव वसवलं. गाव म्हणजे काय, तर डच वेस्ट इंडिया कंपनीचं ठाणं. कारभार कंपनीचा, कायदा कंपनीचा, गव्हर्नरही कंपनीचा नोकर. १६४७ पासूनचा गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट हा एका पायाने अधू आणि स्वभावाने कडक माणूस. गावातल्या व्यापाऱ्यांनी तक्रारी करून करून शेवटी २ फेब्रुवारी १६५३ ला गावासाठी स्वतंत्र नगरशासन मिळवलं. त्यात दोन बर्गोमास्टर, म्हणजे नगराध्यक्ष म्हणा, पाच स्खेपन म्हणजे न्यायाधीश-पंच, आणि एक स्खाउट. हा स्खाउट म्हणजे आपला कोतवाल आणि सरकारी वकील एकाच अंगरख्यात. ऐकायला छान वाटतं. पण पहिले सगळे अधिकारी स्टायव्हसंटने स्वतःच नेमले! पुढे काही वर्षांनी त्याने एवढंच मान्य केलं की जुन्या मंडळींनी दुप्पट नावांची यादी द्यायची आणि त्यातून निम्मे तो निवडणार.

खरं भांडण निवडीवरून नव्हतंच, पैशावरून होतं. बर्गोमास्टर खुर्चीत बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की पद आहे, मान आहे, चर्चमध्ये पुढे बसायला मिळतं, पण गल्ला रिकामा. रस्ता करायचा, धक्का दुरुस्त करायचा, तर पैसा आणायचा कुठून? गावात पैसा येत होता तो दारू-बिअरवरच्या करातून, आणि तो जात होता कंपनीकडे. तो कर आम्हाला द्या, असा त्यांनी हट्ट धरला. स्टायव्हसंटने १६५३ च्या अखेरीस तो सोडला, पण अटी घालून. पाद्र्यांचे पगार वगैरे खर्चही गावाच्या गळ्यात आले. महापालिकेच्या बजेटच्या बातम्या वाचणाऱ्याला यात काहीच नवीन वाटणार नाही.

ही गल्ल्याची गोष्ट लक्षात ठेवा आणि आता मिरजेत या.

मिरज हा जुना कसबा. कसबा आणि मौजे यातला फरक आपण विसरलोय. मौजे म्हणजे शेतकऱ्यांचं गाव. कसबा म्हणजे बाजार, कारागीर, ठाणं आणि आसपासच्या गावांचा कारभार जिथून चालतो ते मोठं गाव. मिरजेला भुईकोट किल्ला होता. मिरज आदिलशाहीत होती तेव्हा, १६६० च्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी तिला वेढा घातला होता, पण सिद्दी जौहर चालून आल्यामुळे तो सोडून त्यांना पन्हाळ्याकडे जावं लागलं. पुढे मोगल आले. १७३९ मध्ये छत्रपती शाहूंच्या काळात मराठ्यांनी मिरज घेतली. १७६१ मध्ये ती पेशव्यांकडून पटवर्धनांकडे आली.

एवढे मालक बदलले, मग गावाचा रोजचा कारभार कोण बघत होतं? इथे दोन थर समजून घ्यावे लागतात. खालचा थर वतनदारांचा. पाटील, कुलकर्णी, परगण्याचे देशमुख-देशपांडे, बाजारपेठेत शेटे आणि महाजन. ही वतनं पिढीजात. ती वाटली जात, गहाण पडत, विकलीसुद्धा जात. वरचा थर सरकारी अंमलदारांचा. कमाविसदार, हवालदार, कोतवाल. यांना वरून नेमायचं, हिशेब मागायचा आणि पसंत पडले नाहीत तर बदलायचं. वरचा थर येतो आणि जातो, खालचा राहतो. आदिलशाही गेली म्हणून पाटील बदलला नाही. वाद झाला तर गोतसभा बसायची आणि तिच्यात जुन्या लोकांच्या साक्षी निघायच्या. ही लोकशाही होती असं म्हणणार नाही, कारण पाटलाला कुणी निवडत नव्हतं आणि गोतसभेत कुणाचा शब्द चालायचा हे जात ठरवायची. पण गावाची माहिती गावातच राहायची, हे मात्र खरं.

आणि गल्ला? बाजारपेठेचा पैसा म्हणजे जकात. माल गावात आला की जकात, पुढे गेला की जकात. नवीन पेठ वसवायची असेल तर सरकार "कौल" द्यायचं. या, दुकानं घाला, अमुक वर्षं जकात माफ. पेठ वसवण्याची खटपट करणाऱ्याला शेटेपणाचं वतन मिळायचं. आजच्या एमआयडीसीच्या सवलतींचाच हा जुना अवतार. जकातीवर शेटे-महाजनांचे छोटे छोटे हक्क असत, पण मुख्य रक्कम वर जाई. म्हणजे न्यू ॲमस्टरडॅममध्ये दारूवरचा कर, तसा इथे जकात.

पटवर्धनांना मिरज मिळाली ती सरंजाम म्हणून. सरंजाम म्हणजे, एवढे घोडेस्वार बाळगा आणि त्यांच्या खर्चासाठी हा मुलूख खा. डचांनीही १६२९ मध्ये असाच एक प्रकार काढला होता. स्वखर्चाने चार वर्षांत पन्नास माणसं नेऊन वसवणाऱ्याला नदीकाठची मोठी जमीन, आणि तिथे न्यायनिवाडा करायचा हक्कसुद्धा. अशा माणसाला ते "पट्रून" म्हणत. इथे स्वार, तिथे शेतकरी, एवढाच फरक. त्यातला सगळ्यात मोठा पट्रून होता व्हॅन रेन्सेलर, हिरेव्यापारी, जो स्वतः कधी तिकडे गेलाच नाही. त्याच्या जहागिरीच्या मधोमध कंपनीचा किल्ला होता आणि किल्ल्याभोवती व्यापाऱ्यांचं गाव वाढलं. हे गाव कुणाचं, कंपनीचं की पट्रूनचं? १६५२ मध्ये स्टायव्हसंटने किल्ल्याभोवती हद्द आखली आणि जाहीर केलं की आतलं गाव वेगळं, त्याची कोर्टकचेरी वेगळी. त्या गावाचं नाव बेव्हरवाइक. आज त्याला ऑल्बनी म्हणतात आणि ते न्यूयॉर्क राज्याची राजधानी आहे.

आमच्याकडे गाव वेगळं निघालं ते घरातल्या भांडणातून. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन आणि त्यांचे चुलते गंगाधरराव यांचं पटेना. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आपला वाटा घेऊन मिरजेतून बाहेर पडले आणि कृष्णेकाठच्या सांगलीला राजधानी केली. सांगली तेव्हा लहान गाव होतं. सहा गल्ल्यांचं म्हणून सांगली, असंही लोक सांगतात (हे सांगलीकरांसमोर जपून सांगावं). त्यांनी तिथे गणेशदुर्ग बांधला, गणपतीचं मंदिर बांधायला घेतलं, पेठा वसवल्या. राजधानी झाली की बाजार येतो, बाजार आला की गल्ला भरतो. मिरज-सांगली स्पर्धेची सुरुवात ही अशी, चुलत्या-पुतण्याच्या वाटणीतून झाली.

इकडे मालक बदलायची वेळ परत आली ती १८१८ मध्ये, पेशवाई बुडाल्यावर. न्यूयॉर्कमध्ये ती आधीच येऊन गेली होती. १६६४ मध्ये इंग्रजांची चार जहाजं बंदरात उभी राहिली, स्टायव्हसंट लढायला तयार होता पण गावकरी नव्हते. गावाची वस्ती जेमतेम दीड हजार, म्हणजे आपल्या कॉलेजात याहून जास्त मुलं असतील. गाव न लढता इंग्रजांकडे गेलं आणि नाव झालं न्यूयॉर्क. तहात एक कलम होतं की डच लोकांच्या वारसाहक्काच्या चालीरीती डचांप्रमाणेच राहतील. १६६५ मध्ये इंग्रज गव्हर्नर निकोल्सने पाट्या बदलल्या. बर्गोमास्टरच्या जागी मेयर, स्खेपनच्या जागी आल्डरमन, स्खाउटच्या जागी शेरीफ. पण आल्डरमनांच्या खुर्च्यांवर बघावं तर आधीच्याच मंडळींतले काही चेहरे! १६७३ मध्ये डचांनी गाव परत जिंकलं, पुन्हा जुन्या पाट्या लावल्या, आणि सव्वा वर्षात तहात ते परत इंग्रजांना देऊन टाकलं. नवीन मालकालासुद्धा गावातली माहितगार माणसं लागतात, म्हणून ती टिकतात.

इथेही एल्फिन्स्टनसाहेबाने हेच केलं. पटवर्धनांना हलवलं नाही, १८१९ मध्ये त्यांच्याशी करार केले आणि वर एक पोलिटिकल एजंट बसवला. वाटण्या मात्र थांबल्या नाहीत. १८२० मध्ये मिरज संस्थानाचे चार वाटे झाले. त्यातले दोन वाटे वारस नसल्यामुळे १८४२ आणि १८४५ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. उरलेले दोन म्हणजे मिरज थोरली पाती आणि मिरज धाकटी पाती. धाकट्या पातीची राजधानी बुधगाव.

याचा नकाशा कसा झाला ते बघायला १९३० च्या सुमारास सायकलवरून मिरजेहून निघा, मनातल्या मनात. मिरजेत तुम्ही थोरल्या पातीच्या राज्यात आहात. आठ-दहा किलोमीटरवर सांगली आली की दुसरं राज्य. तिथून पुढे बुधगाव, तिसरं राज्य. पुढे तासगाव. तिथलं पटवर्धन घराणं १८४८ मध्ये वारसाअभावी खालसा झालं, म्हणून तासगाव थेट ब्रिटिश मुलखात, सातारा जिल्ह्यात. तासगावच्या पुढे कुंडल आणि किर्लोस्करवाडी, ते औंध संस्थानात. पन्नास-साठ किलोमीटरच्या आत पाच सरकारं! उलट मिरजेच्या थोरल्या पातीचं लक्ष्मेश्वर हे गाव थेट आजच्या गदग जिल्ह्यात. म्हणजे शेजारच्या बुधगावावर मिरजेचा हुकूम चालत नव्हता, पण दोन दिवसांच्या वाटेवरच्या लक्ष्मेश्वरावर चालत होता. आपल्याकडे एखाद्याने असं सर्किट काढून दाखवलं तर सर जर्नल फेकून देतील.

या पाच सरकारांत गावाचा कारभारही वेगवेगळा. ब्रिटिश मुलखात १८५० चा २६ वा कायदा होता. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. नगरपालिका सरकारने लादायची नाही, गावातल्या रहिवाशांनी मागितली तर द्यायची. साताऱ्याची नगरपालिका १८५३ ची, याच काळातली. आता लोक स्वतःहून कर लावून घ्यायला धावतील अशी अपेक्षा कुणी केली असेल तर तो साहेब भोळा म्हणायचा. पुढे १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने ठराव केला की नगरपालिकांत निवडून आलेले सभासद जास्त असावेत, सरकारी अधिकाऱ्याने शक्यतो अध्यक्ष होऊ नये, आणि चुका झाल्या तरी लोकांना कारभार शिकू द्यावा. हे सगळं तासगावच्या बाजूला. संस्थानात गावाला काय द्यायचं हे संस्थानिकाच्या मर्जीवर. मर्जी चांगली असली की कामं चांगली व्हायची, हेही खोटं नाही. डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलने १८९४ मध्ये मिरजेत जम बसवला. त्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं मुख्यालय कुठे होतं माहितीये? न्यूयॉर्कला!

पण मर्जीला हिशेब विचारता येत नाही. हे एका राजानेच ओळखलं, आणि ही या लेखातली माझी सगळ्यात आवडती जागा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. चित्रकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक, आणि १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढायला जागा देणारे. तिथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी या राजाचा फोटो डिपार्टमेंटमध्ये लावायला हरकत नाही. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश इंजिनीअर (हो, इंजिनीअर!) यांनी गांधीजींचा सल्ला घेऊन नवीन घटना तयार केली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती औंधात लागू झाली. रचना खालून वर. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुक्याची समिती, आणि तालुक्यांतून राज्याचं विधिमंडळ. राजाने स्वतःचा खर्च बांधून घेतला. आणि मुख्य म्हणजे महसुलाचा निम्मा वाटा गावा-तालुक्यांच्या हाती ठेवायचा ठरला. म्हणजे न्यू ॲमस्टरडॅमच्या बर्गोमास्टरांनी जे भांडून, अर्धंमुर्धं मिळवलं ते इथे राजाने आपण होऊन देऊन टाकलं. संस्थान लहान, बहात्तर गावांचं. त्याच काळात आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, सुरू झाली. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा "दो आँखें बारह हाथ" त्याच प्रयोगावरून सुचला.

या तुकड्या तुकड्यांच्या नकाशाचा एक उपयोग कुणीच योजला नव्हता. १९४२ नंतर नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालवलं. न्यायदान मंडळं, ग्रामसमित्या, तुफान सेना. कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. कुंडल औंध संस्थानात असल्यामुळे ब्रिटिश पोलिसांना तिथे घुसताना अडचण यायची. पलीकडे गुन्हा, अलीकडे आसरा, असा खेळ होऊ शकला. तिकडे सांगलीच्या गणेशदुर्गात संस्थानचा तुरुंग होता. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील साथीदारांसह तो फोडून बाहेर पडले. किल्ला बांधणाऱ्या आप्पासाहेबांनी हे स्वप्नातही आणलं नसेल.

मग सगळं एकदम सपाट झालं. ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला, मुख्य ठिकाण सांगली, आणि २१ नोव्हेंबर १९६० ला जिल्ह्याचं नावच सांगली झालं. पाच सरकारांच्या जागी एक आलं हे चांगलंच झालं. वाईट एवढंच की औंधच्या पंचायतींचा प्रयोगही त्याच रोलरखाली गेला. मिरज तालुक्याचं ठिकाण राहिली. रेल्वे जंक्शन, हॉस्पिटलं, १९६२ पासून मेडिकल कॉलेज, सतारी. कलेक्टर मात्र सांगलीत.

आता १९९८. ९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. बरोबर शंभर वर्षं आधी, १ जानेवारी १८९८ ला, ब्रुकलिन न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं होतं. हा योगायोग मला सापडला तेव्हा मी लायब्ररीत मोठ्याने ओरडले.

ब्रुकलिन म्हणजे डचांचं जुनं ब्रुकलेन, १६४६ मध्ये स्वतःची पंचायत मिळालेलं. म्हणजे स्वतःचं नगरशासन त्याला न्यू ॲमस्टरडॅमच्या आधी सात वर्षं! पुढे १६८६ च्या सनदेत इंग्रज गव्हर्नरने न्यूयॉर्क शहराला मोकळ्या जमिनी आणि नदी ओलांडायच्या नावेचं उत्पन्न देऊन टाकलं. ब्रुकलिनचा शेतकरी भाजी घेऊन पलीकडे जाणार, आणि नावेचा पैसा न्यूयॉर्कच्या गल्ल्यात. यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. नंतर ब्रुकलिन स्वतःच मोठं शहर झालं, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कर्ज काढायची मर्यादा संपत आली आणि पाणी पुरेना. १८९४ मध्ये लोकांना विचारलं गेलं, न्यूयॉर्कमध्ये जायचं का? ब्रुकलिनमध्ये सव्वा लाखाहून जास्त मतं पडली आणि "हो" जिंकलं फक्त २७७ मतांनी. त्यांचा सिटी हॉल "बरो हॉल" झाला, मेयर गेला. पण नाव टिकलं आणि अभिमान तर इतका टिकला की आजही ब्रुकलिनचा माणूस "मी न्यूयॉर्कचा" म्हणायच्या आधी "ब्रुकलिनचा" म्हणतो.

आमच्या वेळी मतदान नव्हतं. आपल्या कायद्यात ते नाहीच. सरकार अधिसूचना काढतं, हरकती मागवतं आणि निर्णय मुंबईत होतो. मी एकत्रीकरणाच्या विरोधात नाही. विश्रामबागेत उभं राहून सांगली कुठे संपते आणि मिरज कुठे सुरू होते हे सांगून दाखवा. रस्ता एक, रिक्षा एक, नदी एक. मग ड्रेनेज दोन ठिकाणी प्लॅन करण्यात अर्थ नाही. पण विचारलं असतं तर बरं झालं असतं. मिरजेत "हो" किती मतांनी जिंकलं असतं, की हरलंच असतं, हे आता कधीच कळणार नाही.

महापालिका चालते कशी, हे हॉस्टेलच्या मुलांना सांगायला हवं, कारण आपण चार वर्षं तिचं पाणी पितो. २०१८ च्या निवडणुकीत ७८ नगरसेवक होते आणि २० प्रभाग. बहुतेक प्रभागांत चार जागा, म्हणजे एका मतदाराने चार वेळा बटण दाबायचं. नगरसेवक महापौर निवडतात. पण महापौरांकडे मान जास्त, अधिकार कमी. अंमलबजावणी सगळी आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. बजेट आयुक्त तयार करतात, ते सोळा जणांच्या स्थायी समितीत जातं, मग महासभेत. १६८६ च्या न्यूयॉर्कमध्ये सहा वॉर्ड होते, दर वॉर्डातून आल्डरमन निवडून यायचा, आणि मेयर गव्हर्नर नेमायचा. खालचे आपण निवडायचे आणि वरचा वरून यायचा. कमाविसदारापासून हेच चालू आहे.

आणि जकात? शहाजोगपणे शतकानुशतकं टिकलेली ही बाई अखेर आपल्याच काळात गेली. नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागायच्या, व्यापारी वैतागलेले, भ्रष्टाचाराच्या तक्रारी. ती जायलाच हवी होती. तिच्या जागी एलबीटी आला. २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलासुरला गेला. आता राज्य सरकार महापालिकांना नुकसानभरपाई देतं, दर वर्षी ८ टक्के वाढ धरून. हिशेबाने पाहिलं तर पैसा येतो. पण तो बाजारपेठेतून थेट गावाच्या गल्ल्यात पडत नाही, वरून उतरतो. स्वतःचं म्हणावं असं मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी उरली. न्यू ॲमस्टरडॅमच्या बर्गोमास्टरांना हे लगेच कळलं असतं.

वरच्या थराचंच राज्य आलं तर काय होतं तेही आपण पाहिलंय. २०१८ च्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली, निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत, आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती गेला. त्या काळात आमच्या गल्लीतला नळ गेला की आई नेहमीप्रमाणे माजी नगरसेवकांच्याच घरी जायची. पद नव्हतं, पण माहिती त्यांच्याकडेच होती. जुन्या वतनदारासारखंच की!

ज्यांचं वय १८ पूर्ण आहे अशा हॉस्टेलच्या मुलांसाठी एक उपयोगाची गोष्ट. मतदार म्हणून नाव गावाकडेच हवं असं नाही. हॉस्टेलच्या पत्त्यावर फॉर्म नंबर ६ भरता येतो, सोबत कॉलेजचं बोनाफाईड लागतं. नाव मात्र एकाच ठिकाणी ठेवायचं, इथे किंवा तिकडे. महापालिकेची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते, त्यामुळे वेगळी नोंदणी नाही. फॉर्म ऑनलाइन आहे, सबमिशनच्या आठवड्यात भरायला घेऊ नका, साईट आणि तुम्ही दोघंही हँग व्हाल.